दोन टाळू



ज्या गुरुजींच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या हाताखाली मी चौथीपर्यंत शिकलो. आमच्या वर्गात एक मुलगा होता. हजेरीला तो कधी 'हजर' म्हणायचा नाही, नुसता हात वर करायचा. त्याचा वरचा ओठ पार नाकपुडीपर्यंत दुभंगलेला होता आणि बोलायला गेला की शब्द नाकातून फुटायचे. पोरं फिदीफिदी हसायची. एके सकाळी गुरुजींनी सांगितलं, आजपासून हजेरीला सगळ्यांनीच हात वर करायचा, तोंडानं कुणी काही बोलायचं नाही. कारण त्यांनी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. चौथी संपेपर्यंत आमच्या वर्गात कुणी 'हजर' म्हटलं नाही.

गुरुजींच्या हातात जे होतं ते त्यांनी केलं. पण तो ओठ शिवता येतो, ती टाळू शिवता येते, हे आमच्या पंचक्रोशीत तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. पुढं मी प्लास्टिक सर्जन झालो. अशी कितीतरी मुलं माझ्या टेबलावर आली, हसत घरी गेली. तो एक मुलगा मात्र आला नाही. त्याची रुखरुख घेऊन मी आज इथं उभा आहे.

विषय आहे कवटीची आणि चेहऱ्याच्या हाडांची जन्मजात व्यंगं. ऐकायला हा विषय हॉस्पिटलचा वाटेल. पण तो तुमच्या घरातला आहे, आणि ते पटवायला मला आपल्या भाषेतला एकच शब्द पुरे आहे. तो शब्द म्हणजे टाळू.

टाळू म्हणजे काय हो? आजी बाळाला मांडीवर घेऊन डोक्याच्या मधोमध तेल जिरवते, ती टाळू. मऊ, बोटाखाली धडधडणारी. 'टाळू भरली का गं?' असं माहेरवाशिणीला विचारतात, ती हीच. आणि कोरडं पीठ खाल्लं की ते जिथं चिकटतं, ते तोंडाचं छत, तीही टाळूच! शब्द एक, जागा दोन. माझा अख्खा विषय या दोन टाळूंच्या मध्ये मावतो. खालची टाळू दोन बाजूंनी येऊन वेळेत जुळावी लागते. वरची टाळू आणि तिच्यापासून निघणाऱ्या कवटीच्या शिवणी यांनी मात्र जुळायची घाई करायची नसते. खालचं जुळणं राहून गेलं की टाळू दुभंगते. वरचं जुळणं आधीच झालं की कवटी वाकडी वाढते. दोन्हीकडे चुकते ती वेळ. आणि वेळ चुकली तर ती आपल्याला बऱ्याच अंशी सावरता येते, तीही वेळेतच. मला आज एवढंच सांगायचं आहे, पण ते चार टप्प्यांनी सांगतो.

पहिला टप्पा चेहऱ्याचा.

चेहरा घडतो केव्हा? नवव्या महिन्यात? सहाव्या? नाही. गर्भ राहिल्यापासून चौथ्या ते आठव्या आठवड्यात आपला चेहरा आकाराला येतो. चौथ्या आठवड्यात तिथं पाच उंचवटे दिसतात. एक वरून येतो, कपाळाचा आणि नाकाचा. दोन बाजूंनी वरच्या जबड्याचे, दोन खालच्या जबड्याचे. हे पाचही एकमेकांकडे सरकतात आणि जुळतात. तुमच्या नाकाखाली बोट फिरवून पाहा. मधे एक पन्हळ लागेल आणि तिच्या दोन्ही अंगांना बारीक कडा. त्या कडांच्या आसपास सहाव्या-सातव्या आठवड्यात तुमच्या ओठाचे भाग एकमेकांना भेटले. ही भेट चुकली की ओठ दुभंगतो.

टाळूची गोष्ट याहून नाजूक. तिच्या दोन फळ्या सुरुवातीला आडव्या नसतातच. जिभेच्या दोन्ही बाजूंना त्या उभ्या लोंबत असतात. आठव्या आठवड्याच्या सुमारास जबडा वाढतो, जीभ खाली उतरते, जागा मोकळी होते, आणि त्या दोन फळ्या वर उचलल्या जाऊन दाराच्या दोन फळ्यांसारख्या मिटतात. बाराव्या आठवड्यापर्यंत हे मिटणं पुरं होतं. आता विचार करा, जबडाच लहान राहिला तर? जीभ खाली उतरत नाही, मधेच अडून बसते आणि दार मिटत नाही. लहान जबडा, मागं पडणारी जीभ, श्वासाला अडथळा आणि बहुतेकदा दुभंगलेली टाळू, अशी ही बाळं असतात. पियेर रोबँ या फ्रेंच डॉक्टरांनी १९२३ मध्ये त्यांच्याबद्दल लिहिलं, म्हणून त्यांचं नाव या व्यंगाला मिळालं. अशा बाळाला उताणं निजवलं की जीभ घशात पडून जीव गुदमरतो. पोटावर किंवा कुशीवर, डॉक्टर-नर्सच्या नजरेखाली ठेवलं की पुष्कळदा ते सुखानं श्वास घेतं. कित्येकदा पहिला इलाज एवढाच असतो.

ओठ किंवा टाळू दुभंगलेली बाळं जगात साधारण ७०० जन्मांमागे एक जन्मतात. आपल्या देशात वर्षाला दोन कोटींहून जास्त बाळं जन्माला येतात. हिशेब मांडा, आकडा तीस हजारांच्या घरात जातो. हे दुर्मीळ नाही, लपवलेलं आहे.

टाळू दुभंगली की पहिली अडचण दुधाची. ओढायला तोंडात पोकळी धरावी लागते, ती धरता येत नाही, आणि गिळलेलं नाकातून येतं. आई घाबरते, दूध कमी करते, बाळ सुकतं. इथं आपल्या घरातली एक जुनी वस्तू कामाला येते, ती म्हणजे बोंडलं. बाळाला जरा बसतं धरायचं, बोंडल्यानं गालाच्या आतल्या बाजूला थोडं थोडं आईचंच दूध सोडायचं, मधूनमधून ढेकर काढायची. माझ्यासमोर एक आजी हे करत होत्या. प्रत्येक घोटाला त्या स्वतःचेही ओठ मिटायच्या, जणू आपल्याच गिळण्यानं नातवाचा घोट खाली जाणार होता. महिन्यात त्या बाळाचं वजन भरलं. ऑपरेशन मी केलं, पण त्याला ऑपरेशनपर्यंत आणलं आजींनी.

दुसरी अडचण बोलण्याची. प, ब, ट, ड, क, ग म्हणायला तोंडात हवा कोंडावी लागते. वर छतच नसेल तर हवा नाकात निसटते आणि 'ब'चा 'म' होतो. आपण त्याला गेंगाणं बोलणं म्हणतो आणि विषय संपवतो. एका वडिलांनी मला सांगितलं, "डॉक्टर, पोरगं मला बाबा म्हणायला जातं आणि तोंडातून मामा येतं. लोक हसतात. मीही हसतो. मग मोरीत जाऊन तोंड धुतो." त्या मुलाची टाळू शिवली तेव्हा त्याला चौथं लागलं होतं. टाळू शिवायची वेळ नऊ ते अठरा महिन्यांची, म्हणजे बोलणं रुजायच्या आधीची. उशीर झाल्यामुळं त्याला स्पीच थेरपीची दोन वर्षं घालावी लागली. 'बाबा' आलं. पण ते सोप्या वाटेनं यायला हवं होतं.

दुसरा टप्पा कवटीचा.

कवटी म्हणजे एकसंध मडकं, असं आपण समजतो. बाळाची कवटी तशी नसते. ती तुकड्या-तुकड्यांची असते आणि तुकड्यांच्या मधे शिवणी असतात. म्हणून तर जन्मवाटेतून येताना हाडं एकमेकांवर सरकून डोकं लहान होऊ शकतं. आणि म्हणूनच मेंदूला वाढायला जागा मिळते. जन्मताना डोक्याचा घेर साधारण ३५ सेंटिमीटर, वर्षाच्या बाळाचा ४६च्या आसपास. पहिल्या वर्षात मेंदूचं वजन दुपटीहून जास्त होतं. दुसऱ्या वर्षाअखेर तो मोठ्या माणसाच्या मेंदूच्या सुमारे ऐंशी टक्के भरतो. आयुष्यात पुन्हा कधी तो या वेगानं वाढत नाही. शिवणी उघड्या असतात त्या या दिवसांसाठी.

दोन-अडीच हजार बाळांमागे एखाद्याची एक शिवण आधीच बंद होते. याला क्रेनिओसिनॉस्टोसिस म्हणतात. शब्द अवघड आहे, गोष्ट सोपी आहे. १८५१ मध्ये रुडॉल्फ फिरखो या जर्मन शास्त्रज्ञानं तिचा नियम सांगितला. जी शिवण बंद झाली तिच्या काटकोनातली वाढ थांबते आणि तिच्या दिशेनं डोकं जास्त वाढतं. सर्वांत जास्त बंद होते ती कपाळापासून मागं जाणारी मधली शिवण. मग रुंदी थांबते, लांबी वाढते, डोकं होडीसारखं लांबुळकं होतं. कपाळाची शिवण लवकर बंद झाली तर कपाळ होडीच्या नाळेसारखं त्रिकोणी. कानाच्या वरून जाणारी एका बाजूची बंद झाली तर त्या बाजूचं कपाळ चपटं आणि डोळा वर ओढल्यासारखा. एकाहून अधिक शिवणी बंद झाल्या तर मेंदूवर दाब येतो, डोळ्यांच्या नसेला धक्का पोचू शकतो. तिथं प्रश्न रूपाचा उरत नाही, नजरेचा होतो.

आता एक प्रसंग सांगतो. चौदा महिन्यांचा मुलगा, लांबुळकं डोकं. सोबत आई आणि पणजी. पणजींना मी म्हटलं, आजी, इथं बोट फिरवा. त्यांनी डोक्याच्या मधून पुढून मागं बोट नेलं आणि म्हणाल्या, "ही कड ना? ही तर महिन्याचा होता तेव्हापासून लागते. इथं कणा आहे." मी थक्क झालो. निदान त्यांनी महिन्याच्या आतच केलं होतं, रोज तेल घालता घालता. मग सांगितलं का नाही? त्यांनी सांगितलं होतं. घरातले म्हणाले, मोहरीच्या उशीवर ठेवू, गोल होईल. कुणी म्हणालं, केस आले की झाकलं जाईल. टाळू उघडी आहे म्हणजे सगळं ठीक आहे, असंही कुणी सांगितलं. टाळू उघडी असूनही शिवण बंद झालेली असू शकते, हे त्यांना कोण सांगणार?

या मुलाला तिसऱ्या-चौथ्या महिन्यात आणलं असतं तर छोट्या छेदातून दुर्बिणीनं ती बंद शिवण काढता आली असती. चौदाव्या महिन्यात कवटीचे तुकडे काढून, नव्यानं मांडून बसवावे लागले. मुलगा उत्तम आहे. पण केवढं मोठं ऑपरेशन, केवढं रक्त आणि दाराबाहेर आईच्या जिवाची केवढी घालमेल!

इथं एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर घरी जाऊन प्रत्येक जण नातवाचं डोकं पाहून घाबरेल. एकाच अंगावर निजून निजून मागच्या बाजूनं चपटं झालेलं डोकं पुष्कळ बाळांना असतं. त्यात शिवण बंद नसते. बाळाची मान दोन्हीकडे वळती ठेवली, जागेपणी आपल्या देखत पोटावर खेळवलं की ते बहुतेक वेळा सुधारतं. पण दाबून, चोळून बंद शिवण उघडत नाही, आणि नाकाचं हाड चिमटीत धरून ते सरळही होत नाही. मालिश प्रेमाची असावी, शिल्पकाराची नको.

तिसरा टप्पा दोषाचा. हा माझ्या मनाला सर्वांत जवळचा.

दुभंगलेल्या ओठाचं बाळ झालं की घरात पहिला प्रश्न काय निघतो? ग्रहण पाळलं होतंस का? विळीवर भाजी चिरलीस का? आणि ती ओली बाळंतीण, टाके न वाळलेली, आठवत बसते की सातव्या महिन्यात ग्रहणाच्या दिवशी आपण सुरी हातात धरली होती का. बायांनो, सातव्या महिन्यात चिरायला उरलंय काय? ओठ सातव्या आठवड्यात जुळून गेला, टाळू बाराव्या आठवड्यात. त्या दिवसांत पुष्कळ बायकांना दिवस गेल्याचं नुकतंच कळलेलं असतं. आणि ग्रहण लाखो गर्भवतींच्या डोक्यावरून एकाच दिवशी जातं. ही बाळं मात्र वर्षाच्या सगळ्या महिन्यांत जन्मतात, ग्रहण असो वा नसो.

मग कारण काय? बहुतेक वेळा एक कारण नसतंच. अनेक जनुकांचे छोटे छोटे वाटे आणि गर्भाभोवतीची परिस्थिती मिळून ती वेळ चुकते. काही गोष्टींनी धोका वाढतो, हे ठाऊक आहे. आईनं केलेलं धूम्रपान, ताब्यात नसलेला मधुमेह, फिट्सवरची काही औषधं. फिट्सच्या गोळ्या मनानं मात्र कधी थांबवू नका. मूल हवं असं ठरलं की आधी डॉक्टरांशी बोला. मेंदू आणि मणक्याची नळी गर्भ राहिल्यापासून २८ दिवसांत मिटते. म्हणून फॉलिक ॲसिडची गोळी दिवस राहण्याआधीपासून घ्यायची असते.

आणि हे ऐका. आपेर सिंड्रोम नावाचा एक आजार आहे. कवटीच्या शिवणी आधीच बंद आणि हातापायांची बोटं जुळलेली. १९०६ मध्ये एका फ्रेंच डॉक्टरांनी त्याचं वर्णन केलं. त्यामागचा एफजीएफआर-२ या जनुकातला बदल १९९५ मध्ये सापडला. आईबाप दोघंही धडधाकट असताना असं बाळ झालं, तर तो नवा बदल जवळजवळ नेहमी वडिलांच्या बीजात झालेला असतो, आणि वडिलांच्या वयाबरोबर त्याची शक्यता वाढते. ज्या बाईला आयुष्यभर बोल लावला, तिच्याकडून तो आलाच नव्हता! मग आता बापाला बोल लावायचा का? मुळीच नाही. पेशी दुणावताना एक अक्षर चुकलं. कुणी पाप केलं नाही. ना आईनं, ना बापानं, ना बाळानं.

याला जोडून एक अवघड गोष्ट. अठरा-वीस आठवड्यांच्या सोनोग्राफीत दुभंगलेला ओठ दिसू शकतो. रिपोर्ट हातात येताच घरात कुजबुज सुरू होते, ठेवायचं की नाही. निर्णय त्या आईचा आहे, मी कोण सांगणारा? पण निर्णयाआधी एकदा अशी मुलं बरी करणाऱ्या डॉक्टरांना भेटा आणि ऑपरेशन झालेल्या मुलाला डोळ्यांनी पाहा. बाकी सगळं ठीक असून ओठच दुभंगलेला असेल, तर पुढचं चित्र त्या रिपोर्टपेक्षा फार वेगळं असतं.

चौथा टप्पा इलाजाचा, म्हणजे पुन्हा वेळेचाच.

चेहरा दुरुस्त करणं आपल्या मातीला नवं नाही. १७९२च्या लढाईत इंग्रजांच्या फौजेबरोबर बैल हाकणारा कावसजी नावाचा मराठा गडी टिपूच्या हाती लागला, त्याचं नाक कापलं गेलं. पुण्याजवळ वीटभट्टीचं काम करणाऱ्या जातीतल्या एका माणसानं कपाळाची कातडी वळवून त्याला नवं नाक बसवलं. दोन इंग्रज डॉक्टरांनी ते पाहिलं, ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये चित्रासह छापून आलं. ते वाचून कार्प्यू नावाच्या सर्जननं १८१४ मध्ये लंडनला तसं ऑपरेशन केलं आणि ती विद्या युरोपभर गेली. पुण्याजवळची कला लंडनला पोचली. आणि त्यानंतर दीडशेहून अधिक वर्षांनी, आमच्या वर्गातल्या मुलापर्यंत मात्र ती पोचली नाही! विद्या असणं आणि ती माणसापर्यंत वेळेत पोचणं, यांत केवढं अंतर असतं.

कवटी आणि चेहरा एकत्र दुरुस्त करायची वाट पोल तेसिये या फ्रेंच सर्जननं खुली केली. खूप दूर गेलेले डोळे जवळ आणायचे तर कवटीच्या आतून जावं लागेल, असं त्यांच्या ध्यानात आलं. मेंदूच्या बाजूनं चेहऱ्यात उतरायला तेव्हा कुणी धजत नव्हतं. पॅरिसमध्ये दिवसभर काम करून ते रेल्वेनं नांतला जात आणि तिथं मृतदेहांवर सराव करत. १९६७ मध्ये रोमच्या परिषदेत त्यांनी आपलं काम मांडलं आणि एक नवी शाखाच जन्माला आली. आज मेंदूचे सर्जन आणि आम्ही एकाच टेबलाच्या दोन बाजूंना उभे राहतो, ती त्यांची देणगी.

आता वेळापत्रक, हे घरी लिहून ठेवा. ओठ शिवायचा तीन ते सहा महिन्यांत, बाळाचं वजन आणि रक्त भरलं की. टाळू नऊ ते अठरा महिन्यांत. मग बोलण्याचे धडे, आणि कानांची तपासणी, कारण या मुलांच्या कानात पाणी साठतं आणि ऐकू कमी येतं. हिरडीतल्या फटीत कमरेचं हाड बसवायचं आठ ते अकरा वर्षांत. जबड्याचं मोठं काम लागलं तर वाढ पुरी झाल्यावर. कवटीची शिवण बंद असेल तर पहिल्या वर्षाच्या आत, जितक्या लवकर दाखवाल तितकं सोपं. म्हणजे एक ऑपरेशन झालं की संपलं, असं नसतं. हा पंधरा-अठरा वर्षांचा प्रवास आहे आणि त्यात सर्जनइतकेच स्पीच थेरपिस्ट, दातांचे डॉक्टर आणि शाळेतले शिक्षक लागतात.

पैसे? दुभंगलेल्या ओठ-टाळूची ऑपरेशनं अनेक ठिकाणी धर्मादाय संस्थांच्या मदतीनं मोफत होतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाला. त्याची पथकं अंगणवाडीत आणि शाळेत येतात, मुलं तपासतात, पुढं पाठवतात. ओठ-टाळू त्यांच्या मूळ यादीत आहे. कवटीच्या शिवणीचं नाव त्या यादीत नव्हतं. ते प्रत्येक आशाताईच्या वहीत यावं, ही माझी इथून मागणी आहे. त्याला मशीन लागत नाही. एक टेप लागते आणि एक बोट.

शेवटाकडं येतो. गुरुजींनी एका मुलासाठी अख्ख्या वर्गाला हात वर करायला लावला होता. आज त्यांच्या नावानं मी तुम्हाला विनंती करतो. ज्यांच्या घरी, शेजारी किंवा नात्यात येत्या वर्षभरात बाळ येणार आहे, त्यांनी हात वर करा.

निम्मं सभागृह! वर असू द्या जरा. आता ऐका. बाळ आलं की पहिल्या दिवशी टॉर्च घेऊन तोंडात पाहायला डॉक्टरांना सांगा, कारण ओठ चांगला असला तरी आतली टाळू दुभंगलेली असू शकते. महिन्याभरात तेल घालताना डोक्यावरून बोट फिरवा, पुढून मागं आणि कानापासून कानापर्यंत. कड लागली, आकार खटकला, तर उशी शिवत बसू नका, दाखवा. म्हाताऱ्या माणसानं 'इथं काहीतरी लागतंय' म्हटलं तर त्या बोटावर विश्वास ठेवा. आणि बाळ कसंही असो, बाळंतिणीला ग्रहणाचं विचारू नका.

घ्या आता हात खाली. पण ध्यानात ठेवा, टाळूवर तेल घालणारे हात हेच आहेत.